धुतलेला सदरा

हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री हे मावशीचं राज्य. वर डॉक्टरांचं चालायचं, खाली हिचं. वरून रोज ढिगांनी चादरी यायच्या, अभ्रे यायचे, ऑपरेशनचे हिरवे झगे यायचे, आणि माणसाच्या अंगातून जे जे म्हणून बाहेर पडू शकतं ते सगळं त्यांच्यावर असायचं. कामाला लागलेली बाई पहिल्या दिवशी नाकाला फडकं बांधायची. मावशी ते सोडायला लावायची. "वास आला नाही तर डाग सापडायचा कसा?" म्हणायची. मग पहिला धडा: "रक्ताला थंड पाणी. लगेच. वाळू द्यायचं नाही, आणि गरम पाणी तर दाखवायचंही नाही. गरम लागलं की डाग बसला, मग बस जन्मभर घासत."

मावशीचा धुण्याचा सोस कामावरून घरी येताना फाटकाशी थांबत नसे. काका, म्हणजे तिचा नवरा, पूर्वी ट्रक चालवायचा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घरी बसून स्वयंपाक करायचा. त्याचं पाकीट पँटच्या खिशासकट कितीदा धुतलं गेलं याला गणती नाही. "मी एका जागी जास्त वेळ बसायला घाबरतो," तो शेजाऱ्यांना सांगे, "ही बाई मलाही भिजत घालेल."

हसण्यावारी नेलं तरी या सोसाला कारण होतं. मावशी डोंगरावरची, आदिवासी. हे शहर वसायच्या आधीपासून इथे राहत आलेल्या माणसांतली. शहर मागाहून आलं, आणि आल्या आल्या त्याने ठरवून टाकलं की आधीची माणसं घाण आहेत. बसमध्ये डोंगरवाल्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. शाळेत मास्तर त्यांना खिडकीशी बसवत, वारा लागावा म्हणून. मावशी लहान असताना तिच्या आईने दोन्ही मुलींना बजावून ठेवलं होतं, "यांच्या पायरीवर चढायचं तर आधी अंघोळ, मग धुतलेले कपडे, मग तोंड उघडायचं. मळलेलं माणूस खोटं बोलतं असं यांना वाटतं." त्या दोन मुलींतल्या धाकटीने हे इतकं मनावर घेतलं की त्याचीच नोकरी केली. ती कुठल्याही कचेरीत जायची झाली तर ठेवणीतले कपडे काढायची, त्यांना अशी कडक इस्त्री करायची की घडीवर बोट कापावं.

डोंगरावरून कामाला उतरलेल्या पोरींचं तर मावशी म्हणजे माहेर. सुट्टीच्या दिवशी पोरी लाँड्रीच्या मागच्या दाराने येत. राहायच्या जागी यांना गरम पाणी मिळायचं नाही, मिळालं तर शिव्यांसकट. मावशी एकेकीला मागच्या मोरीत बसवून डोक्यावरून पाणी ओतायची, कपडे यंत्रात टाकायची आणि वाळवून हातात द्यायची. "जा आता," म्हणायची, "आता बोलू देत कोण काय बोलतो ते." कोण काय बोलायचं ते बोलतच असे. पण पोरींची मान ताठ राही, एवढं खरं.

मावशीला मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण वारली तेव्हा तिची मुलगी मावशीच्या घरी आली आणि घराला कान बंद करायची सोय राहिली नाही. पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची. बसमध्ये कोण भांडलं, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, तांदूळ आज असा का शिजला. ऐकायला कुणी नसलं तर भांड्यांशी बोलायची. काकाने तिचं नाव रेडिओ ठेवलं. जेवताना घास हातात धरून तो ओरडायचा, "अरे, कुणीतरी हा रेडिओ बंद करा!" त्यावर रेडिओ म्हणायची, "बंद करायचं बटण तुटलंय, काका," आणि पुढचं सुरू. हा संवाद त्या घरात रोज व्हायचा आणि रोज तिघेही हसायचे.

मोठी झाल्यावर रेडिओ लाकडाच्या वखारीत कामाला लागली. ऑफिसची झाडलोट करायची, कामगारांना चहा द्यायचा. वखारीचा मुकादम मोठा गोडबोल्या. कुणाच्या घरी आजारपण आलं की हा विचारपूस करायला हजर. फौजदाराबरोबर पत्ते खेळायला बसायचा. डोंगरच्या पोरींना 'बाळ' म्हणून हाक मारायचा. नंतर सगळे म्हणाले की कुठेतरी पाणी मुरतंय असं आम्हाला वाटायचंच. वाटत होतं तर तेव्हा दातखीळ का बसली होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

एके संध्याकाळी रेडिओ घरी आली ती भिंतीच्या आधाराने. पायात एकच चप्पल. सदरा खांद्यापासून फाटलेला, आणि त्यावर जे होतं ते मावशीला ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. पोरीने तुटक तुटक सांगितलं. मुकादमाने ऑफिसचं दार आतून लावलं होतं. काका ऐकता ऐकता उठला, दाराकडे निघाला, आणि गुडघ्याने दगा दिल्यावर उंबऱ्यातच बसून भिंतीवर मूठ मारत राहिला.

मावशीने मात्र तिला जे येत होतं ते केलं. मोरीचं दार लावलं. पाणी तापवलं. पोरीला लहान असताना घालायची तशी अंघोळ घातली, केसांतून लाकडाचा भुसा काढला, हळूहळू, एकेक कण. आणि सदरा थंड पाण्यात टाकला.

हात असे सवयीने चालत होते हे खरं, पण नुसती सवय नव्हती. सकाळी पोलिसांत जायचं होतं. डोंगरची बाई, डोंगरची पोर, समोर मुकादमासारखा बडा माणूस. मळक्या कपड्यांत गेलो तर बाहेरूनच हाकलतील, हे मावशीला आईच्या शब्दांत पाठ होतं. म्हणून तिने सदरा स्वच्छ केला. फाटका खांदा बारीक टाके घालून शिवला. इस्त्री केली. साहेबाच्या टेबलावर घाणेरडा कपडा ठेवायचा कसा?

सकाळी तिघेही चौकीत गेले. रेडिओचे केस विंचरलेले, काकाचे बूट पुसलेले, मावशीच्या अंगावर ठेवणीतले कपडे. फौजदाराने तिघांकडे पाहिलं.

"काय, कुणाकडे पाहुणे म्हणून निघालात?"

मावशीने सांगितलं. सांगताना आवाज फुटू दिला नाही. मग पिशवीतून सदरा काढून टेबलावर ठेवला. पांढरा, घडी घातलेला, इस्त्रीचा.

फौजदाराने तो पेन्सिलीने उलटून पाहिला. "यावर काय आहे?"

"काही नाही, साहेब. धुतलाय."

"धुतला?"

"हो, साहेब. स्वच्छ."

फौजदार हसला. शेजारच्या शिपायाला म्हणाला, "ऐक. पुरावा इस्त्री करून आणलाय." शिपाईही हसला. मावशीला आधी कळेना की हसण्यासारखं काय झालं. फौजदाराने समजावून सांगितलं तेव्हा कळलं, आणि कळल्याबरोबर तिने टेबलाची कड धरली. सदऱ्यावर जे होतं तोच पुरावा होता. पोरीच्या अंगावर जे होतं तोच पुरावा होता. आणि ते सगळं मावशीने स्वतःच्या हातांनी मोरीतून सोडून दिलं होतं.

आता खरं सांगायचं तर फौजदाराला हवं असतं तर पुरावा ढीगभर होता. पोरीच्या दंडांवरचे वळ कुठल्या पाण्याने जात नसतात. ऑफिसात राहिलेली दुसरी चप्पल कुणी धुतली नव्हती. पण डॉक्टरकडे न्यायला कुणी सांगितलं नाही. फौजदार चौकशीला वखारीत गेला, नाही असं नाही. चहा पिऊन आला. परत येऊन म्हणाला, "तुमच्या लोकांत हे असलं चालतंच. मुलगी राजी असेल, नंतर बिनसलं असेल." आणि वरून गावभर झालं की तक्रार फसली ती मावशीमुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण संन्याशाने स्वतःच फास गळ्यात घालून घेतला, त्याला काय करायचं? मावशीला ते पूर्ण पटलं. तिला वाटलं, मुकादमाला सोडवणारी मीच.

रेडिओ बंद पडला. म्हणजे पोरगी मुकी झाली नाही; मीठ दे, दार लाव, येते, एवढं बोलायची. बाकी गेलं. काकाने एकदा जेवताना सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यानंतर त्या घरात ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. तिघांच्या जेवणात भांड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मावशीने तिला लाँड्रीतच काम मिळवून दिलं. फाटक्या चादरी शिवायच्या, झग्यांच्या नाड्या लावायच्या. कोपऱ्यात शिवणयंत्राशी ती बसे, आणि यंत्र बोलेल तेवढंच.

तिने मावशीला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याचाच मावशीला जास्त जाच व्हायचा. एकदा तरी खवळून म्हणाली असती, तू का धुतलंस, तर मावशीने पाय धरले असते. पण जिने बोलायचं तीच गप्प, तर माफी मागायची कशी? मावशी रात्रंदिवस धुवत राहिली.

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरला ही सगळी हकिगत ठाऊक होती. तिने एकदा मावशीला जवळ बसवून सांगितलं, "पुढे कुणावर अशी वेळ आली तर अंघोळ नाही, कपडे धुणं नाही. अंगावर आहे तसं वर घेऊन यायचं, थेट बाईडॉक्टरांकडे." मावशीने मान हलवली. ही अक्कल तेव्हा असती तर, एवढंच तिच्या मनात आलं. मुकादम वखारीत होता तसाच होता. मावशी लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगायची, वखारीत पाऊल टाकू नका. पण सांगून पोट भरत नाही, आणि डोंगरच्या पोरीला दुसरीकडे काम देतोय कोण?

वर्षं गेली. मावशीचे केस पांढरे झाले, रेडिओच्या कपाळावर आठी बसली.

त्या दिवशी दुपारची वेळ होती. यंत्रं भरात होती, वाफेने समोरचं धड दिसत नव्हतं. मागचं दार ढकलून एक पोर आत आली. वखारीच्या स्वयंपाकघरात नुकतीच लागलेली. नाव पाठ व्हायच्या आधीच पोरींनी तिला 'नवी' म्हणायला सुरुवात केली होती. सुट्टीला दोनदा अंघोळीला येऊन गेली होती. सदा हसतमुख पोर. आज तिचा सदरा समोरून उघडा होता, तो तिने मुठीत धरला होता. केसांत भुसा होता.

"मावशी," ती म्हणाली, "मला अंघोळ घाल."

मावशीने भुसा पाहिला आणि तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. सिस्टरने सांगितलेलं गेलं, फौजदार गेला, उरले नुसते हात. हातांनी पोरीला मोरीकडे नेलं. बादली ओढली. नळ सोडला, थंड पाण्याचा, सदऱ्यासाठी. पाणी बादलीत धडधडू लागलं.

मागून एक हात आला आणि नळ बंद झाला.

"नको, मावशी," रेडिओ म्हणाली.

मावशी तशीच ओणवी राहिली. मग तिला कळलं की आपण काय करायला निघालो होतो, आणि ती मोरीच्या कठड्यावर मटकन बसली. हात ओले होते. ते कुठे पुसावेत हेही तिला सुचेना.

नवी रडू लागली. "एकच तांब्या घाल. नुसतं तोंड धुते. माझ्या अंगाला त्याचा वास येतोय. मावशी, तू कुणाला नाही म्हणत नाहीस. मलाच का?" ती बादलीकडे झेपावली. रेडिओने बादली बाजूला सारली आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसली. आणि मग ती बोलली. मावशीने कितीतरी वर्षांत तिच्या तोंडून एका दमात एवढं ऐकलं नव्हतं.

"ऐक माझं. मला माहीत आहे कसं वाटतंय. कातडी काढून ठेवावीशी वाटते. मी केली होती अंघोळ. छान वाटलं. पण मग ते फक्त मला दिसायला लागलं. दुसऱ्या कुणाला दिसेचना. मी सांगायची, आणि लोक माझे विंचरलेले केस बघायचे. तू अजून थोडा वेळ अशीच राहा. त्यांना बघू दे. त्यांनी बघितलं की मग तू म्हणशील तेवढं पाणी."

"मला लाज वाटते," नवी म्हणाली.

"तुला कशाला? ज्याला वाटायला पाहिजे तो वखारीत बसलाय."

नवीने मान वर करून रेडिओकडे पाहिलं. मग विचारलं, "तोच?"

"तोच."

लाँड्रीच्या माणसांनी वर जायचं तर मागच्या जिन्याने, असा हॉस्पिटलचा रिवाज. पुढच्या दालनात पेशंटचे नातेवाईक बसतात, त्यांच्यासमोर घाण कपड्यांच्या गाड्या नकोत म्हणून. मावशीने आयुष्यात तो मोडला नव्हता. त्या दिवशी ती मागच्या जिन्याशी गेली, थांबली, आणि वळली. "पुढून जायचं," म्हणाली. तिच्या स्वतःच्या अंगावर कामाचे भिजके कपडे, केस सुटलेले, पायात रबरी बूट. एका बाजूला रेडिओ, एका बाजूला आपण, मध्ये नवी, अशी ती भर दालनातून निघाली. लोक वळून वळून बघत होते. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. "बघा," मावशी मोठ्याने म्हणाली, "नीट बघून घ्या सगळ्यांनी."

बाईडॉक्टरांनी दार लावून घेतलं. मोठी सिस्टर आत होती. नवीचे कपडे एकेक करून कागदी पिशव्यांत गेले, पिशव्यांवर सही-शिक्के झाले. मावशीचे हात मांडीवर वळवळत होते. मळलेला कपडा समोरून न धुता जाताना तिने जन्मात पाहिला नव्हता. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं. फौजदार आता मोठा साहेब झाला होता, ढेरी पुढे करून आला. मावशीला त्याने ओळखलं नाही. मोठ्या माणसांना असल्या गोष्टी लक्षात ठेवायला सवड कुठली? दारातूनच नाक मुरडून म्हणाला, "जबाब घ्यायचा तर मुलीला जरा स्वच्छ तरी करून ठेवायचं."

"स्वच्छ करून मागे एकदा आणलं होतं, साहेब," मावशी म्हणाली. "तुम्ही हसला होतात."

 बाईडॉक्टरांनी पिशव्यांची पोच त्याच्याकडून सही करून घेतली, आणि या खेपेला त्याला वखारीत चहा प्यायला सवड मिळाली नाही.

सगळं आटोपल्यावर मावशीने लाँड्रीत पाणी तापवलं. नवी मोरीत बसली. मावशी तांब्या घेऊन पुढे झाली, पण पाणी घालायच्या आधीच इतकी वर्षं मनात साठलेलं बाहेर आलं. "त्या दिवशी मी धुतलं नसतं तर," ती रेडिओला म्हणाली, "तो तेव्हाच आत गेला असता. हिच्यावर ही वेळ आली नसती."

रेडिओने तिच्या हातून तांब्या घेतला. "तू धुतलं नसतंस तर त्यांनी हरवलं असतं," ती म्हणाली. "आणि मावशी, त्या दिवसात चांगलं असं एकच झालं. तू दार लावलंस आणि माझ्या केसांतला भुसा काढलास. तेवढं आठवून मी आजवर काढलंय. त्याला नावं ठेवू नकोस." मग ती नवीकडे वळली, पाणी हातावर घेऊन बघितलं. "कढत तर नाही ना गं?"

मावशी बाहेर येऊन चादरींच्या ढिगाऱ्यावर बसली आणि पोटभर रडली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही, कारण यंत्रं भरात होती आणि वाफेत समोरचं दिसत नव्हतं.

खटला उभा राहायला वेळ लागला. सरकारी वकीलबाई तरुण होती, पण चिवट. तिने रेडिओची जुनी तक्रार शोधायला चौकीत माणूस धाडला. तक्रार सापडली नाही. रेडिओ म्हणाली होती तसं, हरवली होती. तेव्हा रेडिओ आली ती नवीच्या खटल्यात साक्षीदार म्हणून. नवीच्या बाजूने पिशव्या होत्या, डॉक्टर होत्या. रेडिओच्या बाजूने तिचा शब्द आणि तो सदरा.

सदरा मावशीने कपाटात तळाशी ठेवला होता. कोर्टात जाताना तिने तो तसाच पिशवीत घातला. स्वतः मात्र कामावरच्या कपड्यांत गेली. काकाने विचारलं, "अगं, ठेवणीतले?" "ते झालं घालून," ती म्हणाली.

सुनावणी बंद दाराआड होती. काका बाहेरच्या बाकावर गुडघे चोळत बसला. आत रेडिओने सगळं सांगितलं, मान खाली न घालता. मग मुकादमाच्या वकिलाने मावशीला उभं केलं आणि सदरा हातात धरून हवेत फडकवला.

"यावर एक तरी डाग दाखवा."

"नाही दिसायचा. माझं काम मी नीट करते."

"म्हणजे तुम्ही स्वतः धुतला?"

"हो."

"का?"

"तुमच्याकडे यायचं होतं म्हणून," मावशी म्हणाली. "मळके आलो असतो तर तुम्ही दारात उभं केलं नसतं. म्हणून पोरीला अंघोळ घातली, कपडे धुतले, इस्त्री केली. चूक झाली. पण माणसाला आधी धुऊन घ्यावं लागतं आणि मगच त्याचं ऐकतात, हे मला कुणी शिकवलं? मी आईच्या पोटातून शिकून आले नव्हते."

वकिलाने सदरा टेबलावर टाकला. मग हसून म्हणाला, "थोडक्यात, डाग होता याला पुरावा काय? तुमचा नुसता शब्द."

"शब्दच आहे, साहेब. तेव्हाही तोच घेऊन आलो होतो."

न्यायाधीशबाईंनी सदरा मागून घेतला. त्यांनी तो उलटा केला आणि शिवलेल्या खांद्यावरून बोट फिरवलं. टाके बारीक होते, पण आतून फाटलेल्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती.  सदरा त्यांनी घडी घालून परत दिला.

निकालाच्या दिवशी मुकादमाला शिक्षा झाली. नवीने मावशीचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. पण मावशी मुकादमाकडे पाहत नव्हती, रेडिओकडे पाहत होती. शिक्षा नवीसाठी होती. रेडिओचं काय?

न्यायाधीशबाई वाचत राहिल्या. बरंच कायद्याचं होतं, डोक्यावरून गेलं. मग एक ओळ आली. या साक्षीदार स्त्रीने सांगितलेलं खरं आहे, याबद्दल न्यायालयाच्या मनात शंका नाही. तिची तक्रार नव्याने नोंदवावी, आणि आधीची कुणी व कशी हरवली याची चौकशी व्हावी.

 बाहेर आल्यावर रेडिओने वकीलबाईला गाठलं. "ती मधली ओळ परत वाचता?" वकीलबाईने वाचली. "परत?" वकीलबाईने परत वाचली, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. रेडिओचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

घरी जायच्या बसमध्ये नवी खिडकीशी बसली, तिच्या शेजारी रेडिओ, मागे मावशी आणि काका. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. आणि मग रेडिओ नवीला सांगू लागली की कोर्टातल्या त्या शिपायाच्या पायात दोन वेगवेगळे मोजे होते, एक निळा, एक तपकिरी, आणि मुकादमाचा वकील उठताना दर वेळी खुर्चीला अडखळायचा, आणि समोर बसलेली ती बाई बघ, तिच्या पिशवीत कोंबडी आहे की काय, काहीतरी हलतंय, आणि आज तांदूळ काकाने नाही, मी शिजवणार, काका लगदा करतो. नवी ऐकत होती. एकदा हसलीसुद्धा.

मावशीने काकाकडे पाहिलं. म्हातारा समोर बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्याने घसा खाकरला.  

"अरे, कुणीतरी हा रेडिओ बंद करा."

रेडिओ मागे वळली. तिने काकाकडे पाहिलं, मग मावशीच्या मांडीवरच्या पिशवीकडे.

"आता नाही होणार, काका," ती म्हणाली, आणि कोंबडीचं पुढे सांगू लागली.